सूतभर आऊट

गोळीबार चौकातल्या खड्ड्यात आदळली
तेव्हापासून मागचं चाक
पिऊन आलेल्या जावयासारखं चालतं.
डावीकडं ब्रेकच्या रबराला घासतं,
उजवीकडं उगाच अंग चोरतं.

बबलूनं एकशेवीस सांगितले,
वर "बुधवारी या, ताई."
बुधवारपर्यंत नंदनवनच्या होस्टेलातली
बावन्न पोरं उपाशी ठेवू?
पहाटे पाचला कणीक भिजवायची असते मला.

म्हणून रात्री साडेनऊला पोतं अंथरून
कूलर आणि मोरीच्या मध्ये
सायकल पालथी घातली.
मे महिना. भिंत अजून दुपारीच आहे,
हात लावला की कळतं.
पाने तीन. तेराचा, पंधराचा,
आणि एक, ज्याचा नंबर झिजलाय.

आधी रिम दोन्ही हातांनी धरून हलवली.
टक. टक.
म्हणजे नुसता आऊट नाही, कोनही ढिला.
चाक उतरवलं. ग्रीस काकवीसारखं काळं,
त्यात छर्रे, एका बाजूला नऊ,
दुसऱ्या बाजूला आठ.
नववा कुठल्या रस्त्यावर सांडला?
किती दिवस एक छर्रा कमी घेऊन
पोळ्या लाटायला जात होते मी?
बटणांच्या डब्यात एक सापडला,
कुणाचा, कधीचा, माहीत नाही.
बसला.

कोन कसला, चाक अडलं.
सोडला, चाक लचकलं.
कसला. सोडला.
पाव फेरा इकडे, त्याच्या अर्धा तिकडे.
मिठासारखं आहे हे,
चिमटीलाच कळतं, सांगता येत नाही.

मग आऊट.
खडू टेकवून चाक फिरवलं,
पांढरं उमटलं तिथली तार आवळली.
पांढरं सरकलं.
तिथली आवळली.
आता दोन ठिकाणी पांढरं.

भिंतीपलीकडून परातेबुवा,
"काय करून राह्यली वं, एवढ्या रातच्याला?"
आणि काठी टेकत आलेच.
चाळीस वर्षं माग चालवला त्यांनी तांडापेठेत,
विकला तेव्हा लाकडाचा भाव आला.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून चाकाकडं पाहिलंच नाही.
नखानं एकेक तार छेडली.
टिंग. टिंग. टंग. टिंग. ठप्प.
"हे मेली हाये. इचा भार बाकीच्या ओढून राह्यल्या.
हे आवळ, अन् समोरच्या बाजूची ढिली कर."
"ढिली?"
"ताणा नुस्ता ओढून होते का? तुटते."

निपल गंजलेलं. खोबरेल सोडलं थेंबभर,
वेणी घालायच्या वेळचा वास आला मोरीत.
पालथ्या सायकलीत माझं उजवं-डावं उलटं,
आवळायला जाते तर सुटतं.
"पुन्हा," ते म्हणतात. चिडत नाहीत.
पोराला माग शिकवताना चिडायचे म्हणे,
तो पुण्याला गेला, कंपनीत सेक्युरिटी आहे.

साडेअकराला लाइन गेली.
कूलर थांबला
आणि पहिल्यांदा चाक ऐकू आलं,
कुणी दुसऱ्या खोलीत कापड फाडतंय, हळूच, असं.
खडूचा उपयोग संपला.
अंधारात मी छेडत गेले,
ते प्रत्येकीला "हूं" म्हणत गेले.
चाळीस तारा. एकोणचाळीस हूं.
एकीवर नुसताच श्वास.

"सूतभर ऱ्हायलं," ते म्हणाले.
"काढू?"
"काढशीन तं दुसरीकडं निघन. ऱ्हाऊ दे."
मग उठता उठता, गुडघा धरून,
"माह्या कापडात बी ऱ्हायचं.
गिऱ्हाइकाले दिसे नाही. मले दिसे."

पहाटे निघाले तेव्हा हवा थोडी नरम होती.
खड्ड्याला वळसा घातला.
दर फेऱ्याला रबर एकदा लागतं,
च्.
जगनाडे चौकापर्यंत मोजत गेले,
मग सिग्नलवर एका दूधवाल्यानं वाट विचारली
आणि आकडा सुटला.

मजुरी ठरलीय.
दोन पोळ्या, वरण,
तिखट बेतानं. संध्याकाळी सातच्या आत.